ड्रॅगनस्वार

ड्रॅगनच्या पाठीवरून उडणारा आणि त्याच्याशी मनाने बांधला गेलेला नायक वा नायिका. किशोरवयीनांसाठीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत ही कल्पना आता चांगलीच रुळली आहे. मराठीत ‘ड्रॅगन’ हाच शब्द चालतो. ‘अजगर’ किंवा ‘पंखांचा नाग’ म्हटल्याने अर्थ पुरता येत नाही.

युरोपीय परंपरेतला ड्रॅगन मुळात मारण्याचा प्राणी. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्लिश काव्यात तो पुरलेल्या धनावर बसून असतो आणि एक पेला चोरीस जाताच वस्त्या जाळत सुटतो. आपल्याकडच्या गुप्तधनावरच्या नागाची येथे आठवण व्हावी. अशा प्राण्याच्या पाठीवर माणूस केव्हा बसला, याविषयी एकमत नाही.

सर्वांत जुना पुरावा म्हणून चीनकडे बोट दाखवले जाते. हनान प्रांतात पूयांगजवळ शीश्वेइपो येथे १९८७ मध्ये शिंपल्यांनी रचलेल्या आकृती सापडल्या. त्यांपैकी एकीत ड्रॅगनसदृश प्राण्यावर माणूस आरूढ आहे. हे अवशेष साधारणतः सहा हजार वर्षांहून जुने मानले जातात. पुरातत्त्वज्ञ क्वांग-चिह चांग यांनी त्यांचा संबंध शामानाला (आत्म्यांशी संपर्क साधणाऱ्या मांत्रिक-पुरोहिताला) परलोकी नेणाऱ्या प्राण्याशी जोडला. हे मत आकर्षक असले, तरी लिखित आधाराअभावी ते अनुमानच राहते. चांगशा येथील थडग्यातून १९७३ मध्ये मिळालेले रेशमी चित्र अधिक स्पष्ट आहे : छत्राखाली उभा पुरुष, हाती लगाम, नावेसारखा वळलेला ड्रॅगन आणि त्याच्या शेपटीवर एक पक्षी. पुढे सिमा च्यान (इ. स. पू. दुसरे-पहिले शतक) याच्या इतिहासग्रंथात चिनी आख्यायिकांतला पीत सम्राट ड्रॅगनवरून स्वर्गी गेल्याची कथा येते. त्याच्यासोबत सत्तरांहून अधिक लोक चढले. जागा न मिळालेले कनिष्ठ अधिकारी ड्रॅगनच्या मिशांना लोंबकळले, मिशा उपटल्या गेल्या आणि सम्राटाचे धनुष्य खाली पडले.

या परंपरेपासून आधुनिक कादंबरीपर्यंत सरळ रेषा ओढणे मात्र धाडसाचे ठरेल. चिनी ड्रॅगन येथे वाहन आहे, विष्णूच्या गरुडासारखे, सवंगडी नव्हे. कालियाच्या फण्यावरचा कृष्ण हे भारतीय उदाहरण म्हणून पुढे करण्याचा मोह होतो, पण ते मर्दन आहे.

आधुनिक साहित्यात मायकेल मूरकॉक यांच्या एल्रिक या नायकाच्या १९६१ मधील कथेत ड्रॅगनवर आरूढ योद्धे येतात. त्यामुळे काही जण अग्रमान त्यांना देतात. तथापि या कल्पनेचे मर्म स्वारीपेक्षा निवडीत आहे, असे मानल्यास तो मान अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्याकडे जातो. ‘अ‍ॅनलॉग’ मासिकाच्या ऑक्टोबर १९६७ च्या अंकातील त्यांच्या कथेत अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लूच माणसाला निवडते आणि ही गाठ जन्माची असते. या कथेला १९६८ मध्ये विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार विभागून मिळाला. लेखिका मात्र या कथेपासून सुरू झालेली आपली मालिका विज्ञानकथा असल्याचे आग्रहाने सांगत : तिच्यातले ड्रॅगन जनुकीय प्रयोगातून वाढवलेले असून विशिष्ट दगड चावून आग ओकतात. किशोरांसाठी त्यांनी १९७६ पासून वेगळी त्रयी लिहिली. गंमत अशी, की तिच्यातली मेनोली ड्रॅगनस्वार नाहीच. तिच्या वाट्याला नऊ चिमुकले अग्निसरडे येतात.

जर्मन लेखिका कॉर्नेलिया फुंक यांच्या १९९७ च्या कादंबरीचे नावच ‘ड्राखनरायटर’, म्हणजे ड्रॅगनस्वार. तिच्यातला प्रवास स्कॉटलंडहून हिमालयाकडे होतो.

क्रिस्टोफर पाओलिनी यांनी ‘एरागॉन’ ही कादंबरी पंधराव्या वर्षी लिहायला घेतली. आधी आईवडिलांनीच ती छापली; २००३ मध्ये ती मोठ्या प्रकाशनगृहाकडून निघाली. निवड, अंडे आणि मनोमन संवाद हा साचा तिच्यात जवळपास तसाच आहे. वस्तूच्या खऱ्या नावात तिच्यावरची सत्ता असते, ही जादूची कल्पनाही नवी नाही. अर्सुला ले ग्विन यांनी ती १९६८ मध्ये विस्ताराने हाताळली होती. पाओलिनींनी तिला हिशेब जोडला : एखादे काम हातांनी करायला जितकी शक्ती लागते, तितकीच मंत्राने करतानाही खर्च होते. पहिल्या उड्डाणात खवल्यांनी नायकाच्या मांड्या सोलवटून निघतात, आणि मग त्याचा गुरू ड्रॅगनसाठी खोगीर शिवतो.