ट्रॅक्टरची ट्रॉली घेताय? आधी वजन आणि कागद बघा, मग पासिंगला जावा

दसरा जवळ आला की आपल्याकडं वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव कुठंही जावा, वर्कशॉपच्या दारात नव्या ट्रॉल्या रंग देऊन उभ्या असतात. ऊसाचा सीझन तोंडावर असतो आणि माणूस टायर बघतो, पाटा म्हणजे स्प्रिंग बघतो, रेट विचारतो आणि विसार देऊन मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रॉलीच्या आधी तिचे कागद बघा, कारण आरसीवर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच तुम्हाला भरता येतं, आणि जिला कागदच नाहीत तिचं पासिंग म्हणजे आरटीओत तपासणी आणि नोंदणी होत नाही.

माझ्या मेव्हण्यानं अशीच एक चारचाकी ट्रॉली घेतलेली, काम एकदम दणकट, पण वर्कशॉपवाल्याकडं त्या डिझाईनची मंजुरीच नव्हती, त्यानं साध्या बिलावर ट्रॉली दिली आणि "पासिंगचं बघू नंतर" म्हणाला. पूर्ण सीझन ती गोठ्याच्या मागं उभी राहिली आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. म्हणून विसार द्यायच्या आधीच विचारायचं, या मॉडेलची टेस्टिंग झालीय का, मंजुरीचं सर्टिफिकेट दाखवा. ट्रेलर बनवणाऱ्याला त्याचा नमुना केंद्र सरकारनं नेमलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आपल्याला जवळच्या म्हणजे पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी.

आता वजनाचा हिशोब. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या ट्रॉलीचं वजन आणि मालासकट एकूण वजन, यातला फरक म्हणजे तुमचा माल. समजा एकूण ७,००० किलो आणि रिकामी १,८०० किलो, तर माल ५,२०० किलो, त्याच्या वर नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, खडी किंवा वाळूचं ते साडेचार टनाच्या आसपास जातं, म्हणजे या ट्रॉलीत एक ब्रास बसला पण दीड ब्रास भरला की पावणेसात टन झाले आणि तुम्ही ओव्हरलोड. फाळका म्हणजे बाजूची फळी उंच आहे म्हणून भरायचं असं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो.

दोनचाकी का चारचाकी हे कामावर ठरवा. दोनचाकीत मालाचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो त्यामुळं शेतात मागची चाकं चांगली धरतात आणि रिव्हर्सलाही सोपी, पण माल ॲक्सलच्या मागं जास्त गेला की ट्रॅक्टरची मागची बाजू उचलते आणि चाकं फिरायला लागतात. चारचाकी टर्नटेबलवर म्हणजे पुढच्या ॲक्सलवरच्या फिरत्या चकतीवर वळते, माल जास्त घेते पण रिव्हर्सला ड्रायव्हर कसलेला लागतो. आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, त्यामुळं आपल्या ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये ओढायचं वजन किती दिलंय ते बघूनच ट्रॉलीचा साईझ ठरवा. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ओढतोय म्हणून आपला ओढेल असं नाही.

पासिंग सांगली भागाला एमएच १०, साताऱ्याला एमएच ११ आणि कराड-पाटणवाल्यांना एमएच ५०. ट्रॉलीला ट्रॅक्टरपेक्षा वेगळा नंबर आणि वेगळी आरसी असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कागद असे: फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज, विकणाऱ्याचा फॉर्म २१, बनवणाऱ्याचा फॉर्म २२, पक्कं जीएसटी बिल, विमा, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, ट्रॅक्टरची आरसी, आणि शेतीसाठी नोंद करायची असेल तर सातबारा आणि आठ-अ म्हणजे खातेउतारा जवळ ठेवा. कर्ज असेल तर फॉर्म २० वर बँकेची सही-शिक्का. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची छाप पण घेतात. इथंच माझं एकदा अडलं, छापेत ३ होता आणि बिलात ८ पडलेला, एवढ्या एका आकड्यासाठी फॉर्म २१ नवीन करून आणायला दोन हेलपाटे झाले. ट्रॉली ताब्यात घेतानाच खाली वाकून नंबर एकेक आकडा जुळवून घ्या, रंगाचा थर असेल तर खरवडायला लावा.

ट्रॅक्टर शेतीचं वाहन म्हणून नोंदवलेला असतो, त्यामागं आपला ऊस, आपलं शेणखत नेणं वेगळं आणि भाड्यानं दुसऱ्याची खडी-मुरूम ओढणं वेगळं. धंदाच करायचा असेल तर नोंद माल वाहतुकीची करा, मग परमिट, फिटनेस, तसा विमा सगळं आलं, आणि मुरूम-वाळूला महसूल खात्याचा वाहतूक पास लागतो तो परत वेगळा. खर्च वाढतो हे खरंय, पण अपघात झाला आणि वापर वेगळा निघाला की क्लेम अडकतो. विमा काढताना पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर लिहिलाय का ते स्वतः वाचा, नुसता ट्रॅक्टरचा विमा धरून चालू नका, आणि ट्रॉलीत माणसं बसवू नका.

जुनी घेणार असाल, तर मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला. जत-मिरजेकडं अथणी बाजूच्या ट्रॉल्या स्वस्तात मिळतात, पण कर्नाटकच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

अनुदानावर अवजार घ्यायचं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज, शेतकरी आयडी लागतो, आणि पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी केली की अनुदान गेलं.

आरसी आली की ट्रॉलीचा नंबर बाजूला लावा आणि ज्या ट्रॅक्टरला जोडताय त्याचा नंबर ट्रॉलीच्या मागं, दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. मागं लाल रिफ्लेक्टर पण लावा, ऊस भरल्यावर तो झाकला जाणार नाही इतका खाली.