उलटसुलट चर्चा : परदेशात बेपत्ता झालेल्या एका पोराची गोष्ट आणि तिच्यामागचा इतिहास

आपल्याकडच्या बातम्यांमध्ये एक ठरलेलं शेवटचं वाक्य असतं. विहिरीत किंवा तलावात मृतदेह सापडला, ओळख पटली, शवविच्छेदनासाठी पाठवला, आणि मग : 'घटनेबाबत परिसरात उलटसुलट चर्चा सुरू आहे.' लहानपणापासून हे वाक्य वाचत आलो. चर्चा होते, हीसुद्धा बातमीच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ती चर्चा कुणाच्या दारात जाऊन थांबते, हे मात्र बातमीत नसतं.

२०२४ च्या जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत मी लातूरला भाच्याच्या खोलीवर गेलो होतो. तो नीटची तयारी करायला ट्यूशन एरियात राहतो. तेव्हा नीटच्या पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले होते, त्यामुळे मेसमध्ये दुसरा विषयच नव्हता. त्यातही भाचा जेवता जेवता मोबाईल दाखवून म्हणाला, "मामा, हे पोरगं सापडंना गेलंय बघा. मेलंच नाही म्हणायलेत, लपवून ठेवलंय म्हणायलेत." पडद्यावर एक हसऱ्या चेहऱ्याचा इंग्रज पोरगा होता, वय १९. मागे भीतीदायक संगीत, खाली लाल अक्षरांत हिंदी मथळा. आपल्या भाच्याहून जेमतेम वर्ष-दोन वर्षांनी मोठं लेकरू. व्हिडिओ बनवणाऱ्यानं ते बेट आयुष्यात पाहिलेलं नसणार, पण काय घडलं असेल हे तो ठामपणे सांगत होता. हे टिपण लिहायची गरज मला तेव्हापासून वाटते आहे.

आधी जे नक्की आहे ते. हा मुलगा इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातला, गवंडीकाम शिकणारा. मित्रांबरोबर संगीत महोत्सवासाठी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर गेला होता. १७ जून २०२४ च्या पहाटे तो ओळख झालेल्या दोघांबरोबर मास्का नावाच्या डोंगराळ गावातल्या मुक्कामी गेला. सकाळी तिथून एकटा निघाला. बस दहाला होती, पण तो पायीच चालू लागला. त्याची राहण्याची जागा तिथून पायी जवळपास अकरा तासांवर होती. मैत्रिणीला फोन करून त्यानं सांगितलं की वाट चुकलोय, प्यायला पाणी हवंय आणि फोनची बॅटरी एक टक्का उरलीय. नऊच्या सुमारास फोन बंद पडला.

मास्काचा भाग म्हणजे खोल घळी, काटेरी निवडुंग आणि उभे कडे. स्पेनच्या गार्डिया सिव्हिल या पोलीस दलानं हेलिकॉप्टर, कुत्री, ड्रोन सगळं लावलं. ३० जूनला अधिकृत शोध थांबला. त्याच्या आदल्या दिवशी पोलिसांनी डोंगर चालायची सवय असलेल्या स्वयंसेवकांना बोलावलं होतं, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आले. समाजमाध्यमांवर मात्र त्याच्यावर बोलणारे लाखो होते. १५ जुलैला, म्हणजे चार आठवड्यांनी, पर्वतीय बचाव पथकाला त्याचा मृतदेह एका दुर्गम घळीत सापडला. उंचावरून पडल्याच्या जखमा असल्याचं स्पेनच्या न्यायालयानं लगेच सांगितलं.

त्या चार आठवड्यांत काय काय बोललं गेलं, ते सगळं मी इथे पुन्हा लिहिणार नाही. पुन्हा लिहिलं की ते पुन्हा फिरतं. प्रकार तेवढे सांगतो : कुणीतरी डांबून ठेवलंय, अमली पदार्थांच्या टोळीचा हात आहे, सोबतच्यांनीच काहीतरी केलंय, आणि सगळ्यात जिव्हारी लागणारा, हा सगळा देणग्या गोळा करायचा बनाव आहे. पोराला शोधायला बेटावर गेलेल्या आईच्या फोनवर अनोळखी लोकांचे खोटे निरोप येत होते. काहीजण इंग्लंडहून विमानानं बेटावर येऊन 'तपास' करत हिंडले आणि तो थेट दाखवत राहिले.

हे अचानक उगवलेलं नव्हतं. त्याच लँकेशायरमध्ये दीड वर्ष आधी याची तालीम होऊन गेली होती. २७ जानेवारी २०२३ रोजी वायर नदीकाठी कुत्रा फिरवायला गेलेली ४५ वर्षांची एक आई गायब झाली. तिचा फोन बाकावर तसाच होता. पोलीस सांगत होते की ती नदीत पडली असावी. पण लोक झुंडीनं त्या छोट्या गावात आले, घरांच्या आवारात शिरले, रात्री बॅटऱ्या घेऊन हिंडले. १९ फेब्रुवारीला मृतदेह नदीतच, तिथून साधारण मैलभर खाली सापडला. अपघाती बुडून मृत्यू, असा निष्कर्ष जूनमध्ये निघाला. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या कॉलेज ऑफ पोलिसिंग या पोलिसांच्या व्यावसायिक संस्थेनं त्या तपासाचा आढावा घेतला. पोलिसांनी पत्रकारांना वेळच्या वेळी नीट माहिती दिली नाही आणि ती पोकळी अफवांनी भरली, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मला हे कारण पटतं, पण पुरेसं वाटत नाही. टेनेरीफमध्ये माहिती येत होती, तरीही कुणी थांबलं नाही.

मागे गेलं की लक्षात येतं, मोबाईल नव्हता तेव्हाही हेच होत होतं. १९८० च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात उलुरूच्या खडकाशेजारी सहलीला आलेल्या कुटुंबाच्या तंबूतून नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं नेली, असं आई म्हणाली. देशभर बोलणं सुरू झालं की ही बाई पुरेशी रडत का नाही. मुलीच्या नावाचा अर्थ 'रानातला बळी' असा होतो, अशी सपशेल खोटी अफवाही पसरली. १९८२ मध्ये आईला जन्मठेप झाली. १९८६ मध्ये लेकराचं जाकीट डिंगोंच्या बिळांच्या भागात सापडलं तेव्हा ती सुटली. डिंगोनंच नेलं, ही नोंद मृत्यूच्या दाखल्यावर यायला २०१२ साल उजाडावं लागलं.

बत्तीस वर्षं. एका आईच्या आयुष्यातली.

'रानातला बळी' वाचलं तेव्हा मला मानवत आठवलं. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि मुलींचे खून झाले. गुप्तधन आणि नरबळीच्या अंधश्रद्धेशी जोडलेलं ते प्रकरण होतं. ते खरंच घडलं होतं, म्हणून त्याची भीती मराठवाड्याच्या हाडात बसली. माझ्या आईच्या वयाच्या बायका अजून सांगतात की तेव्हा दिवेलागणीनंतर लेकरांना उंबऱ्याबाहेर सोडत नसत. त्यानंतर आमच्याकडे कुठलंही लेकरू हरवलं आणि जवळपास अमावस्या असली की कुणीतरी 'गुप्तधन' हा शब्द काढतोच. प्रत्येक मुलखाची अशी एक तयार गोष्ट असते. तिकडे माफिया, इकडे गुप्तधन, किडनी काढणारी टोळी, नाहीतर 'प्रेमप्रकरण'. हरवलेल्या माणसाबद्दल काहीच ठाऊक नसलं तरी ही गोष्ट आधीच तयार असते. मुलगी असली तर 'प्रेमप्रकरण' हा शब्द पहिल्या तासात येतो आणि ती बिचारी ओढ्याच्या पुरात वाहून गेल्याचं कळलं तरी तो तिच्या नावाला चिकटून राहतो.

परदेशातल्या सुट्टीत लेकरू हरवणं या प्रकाराला जगभरातल्या वाहिन्यांनी मोठं केलं ते २००५ नंतर. त्या वर्षी अरुबा बेटावर सहलीला गेलेली १८ वर्षांची अमेरिकन मुलगी बेपत्ता झाली आणि अमेरिकन वाहिन्या महिनोन् महिने तिथून हलल्या नाहीत. २००७ मध्ये पोर्तुगालमधून ब्रिटिश कुटुंबाची तीन वर्षांची मुलगी नाहीशी झाली. तिच्या आईवडिलांवरच बोट ठेवणाऱ्या बातम्या इतक्या छापल्या गेल्या, की मार्च २००८ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्र समूहाला पहिल्या पानावर माफी मागून साडेपाच लाख पौंड द्यावे लागले.

२०१३ नंतर तर्क करणं वाहिन्यांच्या हातातून सामान्य माणसाच्या हातात आलं. बोस्टनच्या मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी भारतीय वंशाच्या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याला आरोपी ठरवलं. तो महिनाभर आधीपासून बेपत्ता होता. घरचे त्याला शोधत होते आणि त्याच घरच्यांच्या फोनवर शिव्या येऊ लागल्या. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. प्रश्न विचारणं म्हणजे अफवा पसरवणं नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये मलेशियात सेरेंबानजवळच्या रिसॉर्टमधून १५ वर्षांची, विशेष गरजा असलेली मुलगी रात्रीतून नाहीशी झाली आणि दहाव्या दिवशी जंगलात मृतावस्थेत सापडली. तिथल्या कॉरोनरनं, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्यानं, जानेवारी २०२१ मध्ये अपघाती मृत्यू ठरवला. आपलं लेकरू अंधारात एकटं इतकं लांब चालूच शकत नव्हतं, असं आईवडील सांगत राहिले. ते उच्च न्यायालयात गेले आणि जून २०२१ मध्ये तो निष्कर्ष बदलून 'अनिर्णित' करण्यात आला. त्यांचे प्रश्न पुराव्यावर उभे होते, न्यायालयात विचारलेले होते आणि त्यांनी कुणाच्या दारावर दगड मारला नाही.

टेनेरीफच्या मुलाचं शव घरी आणल्यावर इंग्लंडच्या कायद्यानुसार तिथल्या कॉरोनरपुढे खुली सुनावणी झाली. परदेशात अनैसर्गिक मृत्यू आला तरी ती होते. लँकेशायरमधल्या प्रेस्टन शहरात कॉरोनर डॉ. जेम्स ॲडेली यांच्यापुढे हे काम चाललं. नदीकाठच्या त्या आईचं प्रकरणही त्यांच्याचपुढे होतं. साक्षीदार मिळेनात म्हणून मे २०२५ मध्ये मुलाच्या आईनंच सुनावणी पुढे ढकलायला लावली. तिला तिची उत्तरं हवी होती. जुलै २०२५ मध्ये निष्कर्ष आला : उंचावरून पडून अपघाती मृत्यू. मारहाणीच्या किंवा धरून ठेवल्याच्या खुणा अंगावर नसल्याचं वैद्यकीय साक्षीत आलं.

आपल्याकडे ही जागा नाही. मुंबईत इंग्रजांच्या काळापासूनचा कॉरोनर होता, तोही १९९९ मध्ये बंद झाला. निजामाच्या मुलखात तर तो कधी नव्हताच. आपल्याकडे असतो तो पंचनामा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, जमादार येतो, गावातले दोन पंच उभे केले जातात, जखमा लिहिल्या जातात, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला जातो.

मी एकदा असा पंच म्हणून उभा राहिलो आहे. शेजारच्या शिवारातल्या विहिरीतून एका शाळकरी मुलाला बाहेर काढलं होतं. काठावर त्याच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. जमादारानं लिहून घेतलं, 'चपला एक जोड, निळ्या पट्ट्याच्या.' तेवढ्या चपलांवरून संध्याकाळपर्यंत पारावर तीन गोष्टी तयार झाल्या होत्या : चपला कुणीतरी ठेवल्या; पोरानं जीव दिला; सावत्र काकाला शेत हवं होतं. पोहायला उतरणारं पोरगं चपला काढूनच उतरतं, हे म्हणणारा तिथे एक म्हातारा सालगडी होता. त्याचं कुणी ऐकलं नाही. कागद तहसीलला गेले. अपघातच होता हे घरच्यांना तोंडी कळलं, गावाला कुणी कधीच सांगितलं नाही. त्या काकाशी निम्मं गाव आजही बोलत नाही.

अशा बोलण्याचं टोक काय असतं, ते २०१८ च्या उन्हाळ्यात दिसलं. 'मुलं पळवणारी टोळी आलीय' असे व्हिडिओ गावोगाव फिरत होते. जूनमध्ये वैजापूर तालुक्यात दरोडेखोर समजून जमावानं काही जणांना मारलं, दोघांचा जीव गेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

आणि २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे केलं ते सगळ्यांनी घरात बसून पाहिलं. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठानं १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. मृत व्यक्तीच्या चारित्र्यावर बोलू नका, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन तपासात अडथळा आणू नका, असं त्यात वाहिन्यांना बजावलं आहे. मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या घरच्यांच्या भावना दुखावतील अशा हेतूनं लिहिलं तर तीही बदनामी ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या पहिल्याच स्पष्टीकरणात हे आहे. जुन्या कायद्यातही होतं. गावातल्या ग्रुपवर लिहिणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

जुलै २०२५ मध्ये प्रेस्टनचा निष्कर्ष आला त्या रात्री मी भाच्याला फोन केला. आधी त्याला आठवेचना. मग म्हणाला, "हां, ते लपवलेलं पोरगं." मी त्याला घळीबद्दल, एक टक्का बॅटरीबद्दल, पाण्याबद्दल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मामा, म्हंजे त्याला नुस्ती तहान लागली होती?"