टाकी गळते का ते बघायला आम्ही दोनदा का येतो

पेट्रोल पंपवाले, जनरेटरच्या डिझेलची टाकी जमिनीत पुरलेले हॉस्पिटल-हॉटेलवाले, आणि ज्यांच्या विहिरीला वास येऊन राहिला ते शेजारी, सगळे पहिले हेच विचारतात, "भाऊ, एका चकरेत होत नाही का?" नाही होत, आणि काहून नाही ते इथं लिहून ठेवतो म्हणजे बिल बघून कटकट नको.

पहिल्या दिवशी आम्ही खोदत नाही, रजिस्टर मागतो. रोजची डिप (काठी बुडवून मोजलेला टाकीतला माल), टँकरमधून किती उतरलं, नोझलमधून किती गेलं. पेट्रोल एका डिग्रीला हजारामागं साधारण एक लिटर फुगतं किंवा आकसतं, म्हणजे १०,००० लिटर माल पाच डिग्री थंड झाला की ५० लिटर "गायब", आणि गळती कुठंच नाही! हा हिशोब वजा करूनही घट रोज दिसत असेल तर मग टाकीची आन् पाइपची टेस्ट. पुष्कळदा टाकी ठणठणीत निघते, पाइपाचा जॉइंट रडत असतो.

आता आपल्या नागपूरची जमीन. बर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेकडं वर काळी माती, खाली मुरूम आन् त्याखाली भेगाळलेला काळा दगड, कामठीकडं वालुकाश्म. दगडात तेल भेग धरून जातं, म्हणून लागूनच्या विहिरीत काही नाही आणि तीन घरं सोडून वास, असं होतं, लगेच पंपवाल्याच्या अंगावर जाऊ नका. आम्ही निदान तीन बोअर मारतो, एका रांगेत नाही, त्रिकोणात, कारण तिन्हीतली पाण्याची लेव्हल मोजल्याशिवाय पाणी कोणत्या बाजूला वाहतंय ते कळत नाही. लायसन्सच्या हद्दीत ड्रिल लावायचं तर आधी ऑइल कंपनीची लेखी परवानगी, आणि टाकीत किंवा पाइपात बदल करायचा तर पेसोची, म्हणजे पेट्रोल-स्फोटकांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी खात्याची मंजुरी (त्यांचं हेडऑफिस आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, लांब जायचं काम नाही).

दुसऱ्या चकरेचं कारण हे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात पाणी वर चढतं तेव्हा बरंचसं पेट्रोल मातीच्या कणांत अडकून पाण्याखाली दबून राहतं, सप्टेंबरमध्ये बोअरात बघाल तर पाणी स्वच्छ, मालक खुश. मे महिन्यात पाणी खाली गेलं की तेच पेट्रोल सुटून बोअरात उतरतं. आमचा टेप खाली सोडला की तेलाला सलग बीप देतो, पाण्याला तुटक, आणि मग पारदर्शक नळीचा बेलर वर काढला तर पाण्यावर बोटभर केशरी थर! म्हणून सप्टेंबरचा एकच रिपोर्ट फाइलला लावून निश्चिंत होऊ नका, आमचं बिल वाढतं म्हणून नाही सांगत.

सँपलचं एक. बरेच जण पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत विहिरीचं पाणी भरून आणून देतात, अर्धी भरलेली, गाडीच्या डिक्कीत उन्हात तापलेली. त्यातलं बेन्झिन (पेट्रोलमधलं विषारी रसायन) रस्त्यातच उडून जातं, रिपोर्ट क्लीन येतो आणि पैसे वाया. आम्ही ४० मिलीच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरतो, झाकण लावून उलटी करून टिचकी मारतो, एकही बुडबुडा दिसला की परत भरतो, मग बर्फात ठेवून लॅबला.

एवढी काळजी काहून? जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात बेन्झिन लिटरमागं १० मायक्रोग्रॅम इतकंच धरलंय आणि आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे एका लिटर पेट्रोलातलं बेन्झिन आठ लाख लिटर पाण्याला त्या रेषेवर आणून ठेवू शकतं. घरी उकळून प्यायचा विचार तर करूच नका, वाफ घरात पसरते.

आम्ही यायच्या आधी विहीर उपसून ठेवू नका (साफ करून ठेवली असं कौतुकानं सांगतात लोक), झाकण लावून ठेवा, आत मोटर चालू-बंद करू नका, जवळ बिडी-सिगारेट नको, आणि वास पहिल्यांदा कधी आला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण "दिवाळीच्या आसपास" यावरून रजिस्टरचं पान सापडत नाही.