ल्युपस, डोळ्याचा पडदा आणि आयएनआरचा वाद: पार्श्वभूमी

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. त्यात डोळ्याच्या पडद्यावर कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरट डाग दिसतात, ही नोंद 1929 सालची. 1949 नंतर स्टिरॉइड मिळू लागलं, बऱ्याच जणांचे डाग विरले आणि पडद्याचा विषय मागे पडला. तरी काहींची नजर स्टिरॉइड चालू असतानाही जातच होती. 1960च्या दशकात हाताच्या शिरेतून रंग सोडून पडद्याचे फोटो काढायची सोय झाली, तेव्हा या रुग्णांत काय बिघडतं ते दिसलं. पडद्याच्या मोठ्या भागात रंग पोहोचतच नव्हता, तो फोटोत काळा राहत होता. रक्त न मिळालेल्या पडद्यावर पुढे ठिसूळ नव्या वाहिन्या उगवतात आणि त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. लेझर करतात ते त्यासाठी. गेलेली नजर लेझरने परत येत नाही.

वाहिनी बंद कशाने होते, सुजेने की गुठळीने? सूज असेल तर स्टिरॉइड वाढवायचं, गुठळी असेल तर रक्त पातळ करायचं. 1983 मध्ये लंडनमध्ये कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं (रक्तात गुठळ्या होण्याशी जोडलेली) मोजणारी चाचणी आली. नजर गमावलेल्या अनेक ल्युपस रुग्णांत ही प्रतिपिंडं सापडू लागली आणि पारडं गुठळीकडे झुकलं. (बहुतेकांना आजही दोन्ही उपचार मिळतात, ते बरोबरच आहे.)

खरा वाद रक्त किती पातळ करायचं याचा. ते आयएनआर या आकड्याने मोजतात; तो जितका जास्त तितकं रक्त गोठायला वेळ लागतो. 1995 मध्ये ही प्रतिपिंडं असलेल्या आणि गुठळी झालेल्या 147 रुग्णांच्या जुन्या नोंदी चाळून निष्कर्ष निघाला की आयएनआर 3 किंवा त्याहून वर हवा. अनेक ठिकाणी तोच नियम झाला. मग 2003 मध्ये अशाच 114 रुग्णांवरची रीतसर चाचणी आली. 3च्या वर ठेवलेल्या गटात 56 पैकी 6 जणांना पुन्हा गुठळी झाली, 2 ते 3 ठेवलेल्या गटात 58 पैकी फक्त 2 जणांना. जोरकस उपचाराची बाजू इथे पडली, असं सगळीकडे सांगितलं जातं. पण वरच्या गटाचा आयएनआर 43 टक्के काळ ठरवलेल्या पातळीच्या खालीच होता, आणि दोन्ही गटांत बहुसंख्य रुग्ण शिरेत गुठळी झालेले होते. ज्याच्या पडद्याची धमनी बंद पडली आहे त्याला हा आकडा जसाच्या तसा लावणं मला घाईचं वाटतं. धमनीत गुठळी झालेल्यांसाठी 3च्या वरचा आयएनआर अजून चर्चेत आहे तो याचमुळे.

त्यानंतर आयएनआर तपासायची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या आल्या. त्यातली रिव्हारोक्साबान आणि आयएनआर तपासावा लागणारी जुनी वॉरफेरिन यांची 120 रुग्णांवरची तुलना 2018 मध्ये मध्येच थांबवावी लागली. अशा प्रतिपिंडांच्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या या रुग्णांपैकी रिव्हारोक्साबान घेणाऱ्या 59 जणांत 4 पक्षाघात आणि 3 हृदयविकाराचे झटके नोंदले गेले. वॉरफेरिनच्या गटात एकही नाही. हे सगळे झटके धमनीतले. 2019 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी अशा रुग्णांत नव्या गोळ्या टाळायला सांगितलं. आपल्याकडे ॲसिट्रोमवर (वॉरफेरिनसारख्याच जुन्या गोळीवर) असलेले रुग्ण दर थोड्या दिवसांनी रक्त द्यायला कंटाळतात आणि ‘ती तपासणी नको असलेली गोळी’ मागतात, तेव्हा डॉक्टर नाही म्हणतात ते या निकालामुळे.