'जेंडर'भोवतीचे चौकटी कंस : एका धोरणशब्दाची पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय मसुद्यांत ज्या शब्दावर एकमत झालेले नसते, तो चौकटी कंसात टाकतात. वाटाघाटी पुढे सरकतात तसे कंस गळत जातात आणि शेवटी उरतात त्यांवर रात्र जागवली जाते. मार्च-एप्रिल १९९५ मध्ये, बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या तयारीसाठी न्यूयॉर्कमध्ये बैठक बसली होती. तिथे 'जेंडर' हा शब्दच कंसात गेला. तोही एखाद्या परिच्छेदात नव्हे, तर मसुद्यात जिथे जिथे आला होता तिथे तिथे.

त्याआधीचे थोडक्यात. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रे या जागतिक संघटनेच्या सनदेवर सह्या करणाऱ्या १६० जणांत स्त्रिया चार. तीन वर्षांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' जाऊन 'ऑल ह्युमन बीइंग्ज' आले, त्यामागे एका भारतीय महिला प्रतिनिधीचा हट्ट होता. पुढे मेक्सिको सिटी, कोपनहेगन, नैरोबी इथल्या जागतिक महिला परिषदा आणि मधला १९७९चा, स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार. त्या काळाची भाषा होती 'विकासात स्त्रिया'. म्हणजे विकास ठीक चालला आहे, बायका तेवढ्या मागे राहिल्यात, त्यांनाही आत घ्या. मग त्यांच्यासाठी शिवणकाम, हस्तकला, बचतीचे छोटे प्रकल्प. ऐंशीच्या दशकात अभ्यासक विचारू लागले की राबतो कोण, जमीन कोणाच्या नावावर, निर्णय कोण घेतो? प्रश्न बायकांच्या मागे राहण्याचा नसून स्त्री-पुरुषांमधल्या व्यवहाराचा आहे, हे सांगायला 'जेंडर' हा शब्द हाताशी आला.

काही देशांना त्यातच दगाफटका दिसला. शरीर स्त्री-पुरुष ठरवते, हा शब्द मात्र समाज ठरवतो म्हणतो. मग उद्या याच वाटेने समलैंगिक संबंधांनाही मान्यता मागतील, अशी त्यांची भीती होती. त्यांनी व्याख्या मागितली. मे-जूनमध्ये एक संपर्क गट बसला आणि त्याने दिलेले उत्तर मुत्सद्देगिरीचा नमुनाच आहे : हा शब्द आजवर जागतिक संघटनेच्या व्यवहारात ज्या सर्वसाधारण, रूढ अर्थाने वापरला गेला, त्याच अर्थाने वापरला आहे; नवा अर्थ अभिप्रेत नाही. रूढ अर्थ कोणता, ते सांगितले नाही. कंस सुटले, हे निवेदन परिषदेच्या अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडले गेले आणि सप्टेंबरात १८९ देशांनी कृती-आराखडा स्वीकारला. 'लैंगिक कल', म्हणजे आकर्षण कोणाबद्दल वाटते ते, याचे उल्लेखही कंसात होते. ते शेवटच्या रात्री सरळ गाळले.

प्रस्तुत लेखकाच्या मते ही माघार नव्हती. व्याख्येचा हट्ट धरला असता तर आराखडाच झाला नसता. पण उधारीवर घेतलेले एकमत होते ते, आणि उधारी फेडावी लागते.

मराठीतही हा घोळ आहेच. 'लिंग' म्हणावे तर व्याकरणापासून शरीरशास्त्रापर्यंत सगळे एकाच शब्दात येते. 'लिंगभाव' विद्यापीठांच्या आवाराबाहेर फारसा पडला नाही. 'स्त्री-पुरुष समानता' सोपे आणि सर्वांना कळणारे, पण त्यात दोनच बाजू गृहीत धरून भांडणाचा निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून बैठकांत सगळे आपले 'जेंडर'च म्हणतात.

बीजिंगमध्येच दुसरा एक शब्द रूढ झाला, मुख्य प्रवाहीकरण. १९९७ मध्ये त्याची रीतसर व्याख्या झाली : कोणताही कायदा, धोरण वा कार्यक्रम आखताना त्याचा स्त्रियांवर आणि पुरुषांवर काय परिणाम होईल, हे प्रत्येक पातळीवर तपासायचे. कल्पना उत्तम. व्यवहारात बऱ्याच ठिकाणी वेगळा महिला कक्ष आणि त्याचा वेगळा निधी आक्रसला आणि जबाबदारी सर्व विभागांवर पसरली. बारभाईंची खेती, काय लागेल हाती!

मदतनिधीच्या नोंदीतला एक रकाना पाहिला की हे नीट कळते. देणगीदार देश प्रत्येक प्रकल्पापुढे ०, १ किंवा २ लिहितात. २ म्हणजे समानता हाच मुख्य हेतू, १ म्हणजे अनेक हेतूंपैकी एक, ० म्हणजे तपासले पण असा हेतू नाही. समजा, रस्त्याचा प्रकल्प आहे. कागदावर १ लिहायला आधी एक जेंडर विश्लेषण आणि मग आराखड्यात निदान एखादे उद्दिष्ट आणि मोजायचे एखादे परिमाण लागते. २०२०-२१ मध्ये द्विपक्षीय मदतीपैकी सुमारे ४४ टक्के निधीवर १ किंवा २ होता. नुसता २ होता सुमारे ४ टक्क्यांवर.

सत्तेच्या बाजूला मात्र व्याख्येवाचून अडले नाही, कारण तिथे खुर्च्या मोजायच्या होत्या. निर्णयपदांवर १९९५पर्यंत ३० टक्के स्त्रिया हव्यात, असे १९९०मध्येच ठरले होते. १९९५मध्ये जगभरच्या संसदांत त्या ११.३ टक्के होत्या आणि २०२५च्या सुरुवातीला २७.२. रवांडाने २००३च्या राज्यघटनेत किमान ३० टक्के घातले आणि २००८मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहात स्त्रियांचे बहुमत झाले. असे जगात पहिल्यांदाच घडत होते.

शब्दाचे भांडण पुढे कायद्यात गेले. १९९८मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या संविधीत 'समाजाच्या संदर्भात स्त्री आणि पुरुष ही दोन लिंगे' अशी व्याख्या लिहिली गेली. दोन्ही पक्षांना आपापले वाचता येईल अशी. २०११च्या इस्तंबूल करारात उलट, अगदी उघड लिहिले : समाजाने घडवलेल्या, स्त्रियांना किंवा पुरुषांना योग्य मानलेल्या भूमिका, वर्तन, कामे आणि गुण. करार होता बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा, पण चर्चा या एका कलमाची. २०१८मध्ये बल्गेरियाच्या घटना न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. ज्या तुर्कस्तानने तो सर्वांत आधी मंजूर केला, तेच २०२१मध्ये बाहेर पडले आणि कारण दिले समलैंगिकतेचे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने तर सरकारी कागदपत्रांत 'जेंडर' नको, 'सेक्स' लिहा, असा आदेशच काढला.

मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवरील नव्या कराराच्या मसुद्यात रोमचीच व्याख्या आधी उतरवून घेतली होती. २०१९मध्ये मसुदाकारांनी ती काढून टाकली. शब्द ठेवला, व्याख्येची जागा रिकामी.