बार्बाडोसचा ‘वेलकम स्टॅम्प’: कुटुंबासह वर्षभर राहण्यासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

कॅरिबियन बेटांच्या रांगेत सर्वांत पूर्वेला असलेले बार्बाडोस हे जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचे बेट आपल्याकडे बहुतेकांना २९ जून २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यामुळे ठाऊक आहे. ज्यांचे काम संगणकावर चालते आणि ज्यांना पत्नी किंवा पती व मुलांसह काही काळ तिथे राहायचे आहे, त्यांच्यासाठी या देशाने जुलै २०२० मध्ये ‘वेलकम स्टॅम्प’ ही योजना सुरू केली. या परवान्यावर बारा महिने राहता येते, या काळात देशाबाहेर जाऊन परतही येता येते आणि आपले मूळ काम दूरस्थपणे चालू ठेवता येते. मात्र हा कायम वास्तव्याचा परवाना नाही आणि नागरिकत्वाची पायरी तर मुळीच नाही. कॅरिबियनमधल्याच सेंट किट्स अँड नेव्हिस या देशात गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व मिळते. बार्बाडोसची ही योजना त्या प्रकारातली नाही. दोन्हींची सरमिसळ करून कोणी दलाल ‘दुसरा पासपोर्ट’ विकू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे, कारण परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्यास आपले भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

मुख्य अर्जदार १८ वर्षांवरील असावा. त्याचे काम बार्बाडोसबाहेरच्या कंपनीसाठी, बाहेरच्या ग्राहकांसाठी किंवा बाहेर नोंदवलेल्या स्वतःच्या व्यवसायासाठी असावे आणि पुढील बारा महिन्यांत किमान ५०,००० अमेरिकी डॉलर उत्पन्न होईल असे त्याने जाहीर करावे लागते. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ही रक्कम साडेबेचाळीस लाख रुपये होते, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या चांगल्या पगाराच्या अनेक कुटुंबांनाही ही अट सहज झेपणारी नाही. स्थानिक नोकरी करण्याची मुभा या परवान्यात नाही. सोबत जाणाऱ्या जोडीदारालाही तिथल्या शाळेत, हॉटेलात किंवा दुकानात काम करायचे असेल, तर त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागेल, हे घरात आधीच बोलून घ्यावे.

कुटुंबाच्या अर्जात जोडीदार आणि २६ वर्षांखालील, आपल्यावर अवलंबून असलेली मुले धरता येतात. वृद्ध आई-वडिलांना सोबत नेण्याचा विचार असेल, तर योजनेच्या कार्यालयाला लेखी विचारून उत्तर हाती आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे.

अर्जाला लागणारी कागदपत्रे मोजकीच आहेत: प्रत्येकाच्या पासपोर्टचे माहितीचे पान, पासपोर्ट आकाराचे छायाचित्र, जन्मदाखला आणि नातेसंबंध सिद्ध करणारा पुरावा. यादी छोटी दिसते, पण आपल्याकडच्या कुटुंबांचे घोडे बहुधा इथेच अडते. लग्नानंतर पत्नीचे नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही बदललेली असतात; जन्मदाखल्यावर माहेरचे नाव असते, पासपोर्टवर सासरचे. ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे परदेशातल्या अधिकाऱ्याला केवळ विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरून कळते, आणि पत्रिका व मंगल कार्यालयाची पावती यांवर निभावलेल्या अनेक जोडप्यांकडे तेच नसते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाह नोंदणी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत स्तरावर होते, आणि लग्नाला बरीच वर्षे झाली असली तरी विलंब शुल्क भरून ती करता येते. नाव पहिल्यापासूनच वेगवेगळ्या रीतीने लिहिले गेले असेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे हा त्याहून भक्कम मार्ग आहे. मुलांच्या जन्मदाखल्यातही एक अडचण वारंवार आढळते: रुग्णालयातून नोंद झाली तेव्हा बाळाचे नाव ठरलेले नसल्यामुळे नावाचा रकाना रिकामाच राहिलेला असतो. असा दाखला उपयोगाचा नाही; ज्या कार्यालयात जन्माची नोंद आहे तिथूनच नाव घालून घ्यावे. पालकांचे जुने, हाताने लिहिलेले मराठी दाखले असतील, तर मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांतली नवी प्रत मागून घ्यावी.

जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागद खरा असल्याचे परदेशात चालणारे सरकारी प्रमाणन) करून घेणे शहाणपणाचे आहे. भारत आणि बार्बाडोस हे दोन्ही देश हेग अपोस्टिल करारात असल्यामुळे तेवढ्यावर कागद तिथे ग्राह्य धरला जातो. अर्जाच्या वेळी ते कोणी मागितले नाही, तरी शाळाप्रवेशाच्या वेळी ते उपयोगी पडू शकते आणि परदेशात बसून अपोस्टिल करून घेणे फार दगदगीचे असते.

अर्ज योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचा असतो. दलालाची गरज नाही. शुल्क अर्ज मंजूर झाल्यानंतर भरायचे असते: एकट्यासाठी २,००० अमेरिकी डॉलर आणि कुटुंबासाठी एकत्रित ३,००० डॉलर. मंजुरीनंतर ते २८ दिवसांच्या आत भरावे लागते आणि एकदा भरले की परत मिळत नाही. म्हणून पुढे सांगितलेल्या बाबी या २८ दिवसांत नव्हे, अर्जाआधीच तपासून ठेवाव्यात.

पहिली बाब आयकराची. बार्बाडोस या परवान्यावरील व्यक्तीच्या परदेशी कमाईवर आयकर आकारत नाही, म्हणून कर संपलाच अशी समजूत करून घेणे महागात पडेल. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. नोव्हेंबरमध्ये निघालेली व्यक्ती भारतात १८२ दिवसांहून अधिक राहून गेलेली असते, त्यामुळे त्या वर्षापुरती ती रहिवासीच ठरते. शिवाय, ज्या भारतीय नागरिकाचे परदेशी उत्पन्न वगळता उरलेले उत्पन्न १५ लाख रुपयांपेक्षा जास्त आहे आणि ज्याच्यावर निवासाच्या कारणाने अन्य कोणत्याही देशात कर लागू होत नाही, त्याला भारतीय कायदा रहिवासी मानतो. करमुक्त परवाना घेणाऱ्यांना ही तरतूद थेट भिडते. पगार भारतातल्या बँक खात्यातच जमा होत राहणार असेल, तर तोही करपात्र ठरू शकतो. भारतीय कंपनीत नोकरी असणाऱ्यांनी सनदी लेखापालाचा लेखी सल्ला आणि कंपनीची लेखी परवानगी या दोन्ही गोष्टी हाती असल्याशिवाय शुल्क भरू नये.

दुसरी बाब वाटेतल्या व्हिसाची. भारतातून बार्बाडोसला थेट विमान नाही. बहुतेक मार्ग लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरांटोवरून जातात. अमेरिकेत केवळ विमान बदलण्यासाठीही भारतीय प्रवाशाला व्हिसा लागतो, कॅनडातही सामान्यतः लागतो, आणि ब्रिटनमध्ये काही ठरावीक सवलती सोडल्या तर विमानतळाबाहेर न पडताही संक्रमण व्हिसा घ्यावा लागतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरून तिथल्याच गॅटविक विमानतळावरून पुढे जायचे असेल, तर वेगळ्या प्रकारचा. घरातल्या प्रत्येकासाठी, अगदी तान्ह्या बाळासाठीही, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. स्वस्त तिकीट आधी काढून व्हिसा नंतर शोधणाऱ्यांना विमानतळावरूनच परत फिरावे लागते.

आरोग्य विमा कुटुंबातील प्रत्येकाचा आणि पूर्ण मुदतीचा हवा. भारतात घेतलेली नेहमीची पॉलिसी बहुधा परदेशातला खर्च देत नाही. मुलांना खासगी किंवा जागा असल्यास सरकारी शाळेत घालता येते, पण त्यासाठी विद्यार्थी परवाना वेगळा काढावा लागतो.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. २०२४ च्या त्या अंतिम सामन्यानंतर ‘बेरिल’ चक्रीवादळामुळे भारतीय संघच तिथे अडकून पडला होता, त्यामुळे लहान मुले सोबत असतील तर डिसेंबरनंतरचे प्रस्थान सोयीचे. तिथून त्रिनिदाद किंवा गयानाला फिरायला जाणार असाल, तर पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण त्या देशांतून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र मागितले जाते.

बारा महिन्यांनंतरही राहायचे असल्यास मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि शुल्क नव्याने भरावे लागते.