खिळा ठोकला, सेल पेटला नाही. मग पैसे लावायचे का?

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतली (जीआयडीसी) एखादी पंधरा-वीस माणसांची बॅटरी-सुरक्षेची कंपनी भांडवल उभं करायला निघाली, की हमखास एक व्हिडिओ दाखवते. चार्ज केलेल्या लिथियम सेलमध्ये खिळा घुसतो, थोडा धूर येतो, ज्वाळा नाही. वडोदऱ्यात पैसे लावणारा बहुधा ट्रान्सफॉर्मर-स्विचगिअर कोळून प्यालेला असतो. पण बॅटरीच्या आगीची रीत वेगळी.

सेल तापला की साधारण ८० ते १२० अंशांदरम्यान ॲनोडवरचा (ऋण टोकावरचा) संरक्षक थर मोडू लागतो आणि त्यातूनच आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पॉलिइथिलीनचा सेपरेटर, म्हणजे दोन टोकांना वेगळं ठेवणारा पडदा, वितळतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलमध्ये २०० च्या पुढे कॅथोडच (धन टोकच) ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे बाहेरची हवा तोडून ही साखळी थांबत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात. कंपनी या साखळीत नेमका कुठे हात घालते, हे आधी विचारा. गॅस सेन्सर फक्त आगाऊ सूचना देतो. एरोजेलची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या हलक्या पदार्थाची, शीट शेजारचा सेल वाचवते, पेटलेला नाही. सेपरेटरवरचा सिरॅमिक लेप खरोखर उपयोगी, पण त्याचं गिऱ्हाईक सेल बनवणारा. सेल जोडून पॅक बनवणाऱ्याला तो विकताच येत नाही.

मग चाचणीचा मूळ अहवाल मागा. सेल १०० टक्के चार्ज होता का? अर्ध्या चार्जचा सेल खूपच नरम वागतो. रनअवे खिळ्याने घडवला, हीटरने की ओव्हरचार्ज करून? चाचणी २५ अंशांवर झाली असेल, तर मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा पॅक आधीच किती तापलेला असतो, याचा हिशेब कुठे आहे? सेल कोरे होते की वापरून जुने झालेले?

आणि चाचण्या किती? इथे बहुतेक जण फसतात. २० पॅकमध्ये एकेक सेल मुद्दाम पेटवला आणि एकातही आग पसरली नाही, हे ऐकायला भक्कम वाटतं. पण संख्याशास्त्राचा ढोबळ नियम असा: शून्य अपयश आलं, तरी ३ ला चाचण्यांच्या संख्येने भागून जे येईल तेवढं अपयशाचं प्रमाण ९५ टक्के खात्रीनेही नाकारता येत नाही. म्हणजे २० चाचण्यांत १५ टक्के! ते १ टक्क्यावर आणायला ३०० निर्दोष चाचण्या लागतात, आणि प्रत्येकीत एक पॅक खर्ची पडतो. छोट्या कंपनीला हे परवडत नाही, म्हणून तिच्या दाव्याची किंमत तेवढ्याच बेताने लावायची.

वायूचं काय करता, हेही विचारा. ज्वाळा विझली तरी हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या एका ऊर्जासाठवण केंद्रात अग्निशामक वायू सुटला, तरी सेल एकामागून एक जात राहिले. दार उघडल्यानंतर साठलेल्या वायूचा स्फोट होऊन अग्निशमन जवान जखमी झाले.

‘यूएल ९५४०ए पास’ असं माहितीपत्रकात दिसलं तर थबका. ती बॅटरीतला रनअवे कसा पसरतो हे तपासणारी चाचणीची पद्धत आहे. त्यातून मोजमापं मिळतात, पासचं प्रमाणपत्र नाही. विजेवरच्या दुचाकीसाठीचं एआयएस-१५६ हे भारतीय सुरक्षा मानक अख्ख्या पॅकला लागू होतं, त्यात बसवलेल्या सुट्या भागाला नाही. अहवाल मकरपुऱ्यातल्याच एर्डा या चाचणी संस्थेचा असो वा बाहेरचा, ती चाचणी प्रयोगशाळेच्या एनएबीएल स्कोपमध्ये, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या चाचण्यांच्या यादीत, आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर सापडतं.

पॅकमध्ये सुरक्षेचा भाग बदलला की पुन्हा चाचण्यांचा फेरा येऊ शकतो. त्यामुळे नव्या पुरवठादाराला आत शिरायला वेळ लागतो, पण शिरला की सहजी निघत नाही. अशा कंपनीची खरी कमाई इथे असते. म्हणून एमओयूंची (नुसत्या सामंजस्य करारांची) चळत बाजूला ठेवून परचेस ऑर्डर पाहा, त्यातही दुसऱ्यांदा आलेली. पेटंटचा अर्ज सहसा १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तो मंजूर झाला असं समजू नका. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर १०० रुपये भरून ताळेबंद पाहता येतो. त्यात उत्पन्न विक्रीचं किती, अनुदानाचं किती आणि येणं एकाच गिऱ्हाइकाकडे अडकलंय का, एवढं तपासायला सीएला अर्धा दिवस पुरतो.